नसबंदीनंतर वाटी किती कमी भरायची? संप्रेरकं, भूक आणि वजन

कोलशेतकर | शनिवार, सकाळी १०:१२

घोडबंदर पट्ट्यात मांजरं-कुत्री दत्तक देताना सोबत एक छापील पान द्यायचं ठरतंय. लसी, जंताचं औषध, खिडक्यांना जाळी हे लिहून झालं. घोडं अडलंय 'नसबंदीनंतरचा आहार' या परिच्छेदावर. सगळे सांगतात, "खाणं जरा कमी करा." जरा म्हणजे किती? कधीपासून? आणि मुळात काय होतं, भूक वाढते की शरीराचा खर्च घटतो? भूक वाढत असेल तर मापून देण्यावर भर द्यायला हवा. खर्च घटत असेल तर खेळवण्यावर. पानावर जागा आहे सहा ओळींची, म्हणून नेमकं हवंय. "आमच्या मनीला काही झालं नाही" छापाचे प्रतिसाद नकोत, प्लीज.

शंकासुर | १०:२०

जरा म्हणजे पोळीला तूप लावताना आज्जी म्हणते तेवढं 'जरा'. त्याच्या उलट.

दवाबिंदू | ११:०५

दोन्ही होतं, पण एकदम नाही आणि सारखंही नाही. आधी भूक.

बीजांडकोशातून येणारं इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) हा भुकेवरचा लगाम आहे. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटचा. मादीचं चक्र ४-५ दिवसांचं असतं. माजाच्या रात्री ती सर्वांत कमी खाते आणि पिंजऱ्यातल्या चाकावर सर्वांत जास्त धावते. बीजांडकोश काढले की हा चढउतार थांबतो, खाणं वाढतं, साधारण महिनाभरात वजन पाचव्या हिश्श्याने वाढतं आणि तिथे स्थिरावतं. त्यानंतर खाणंही जवळपास पूर्वीइतकं होतं, पण वजन खाली येत नाही. इस्ट्राडायॉल टोचलं की गाडी पूर्वपदावर.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ती जास्त वेळा जेवायला येत नाही. प्रत्येक जेवण मोठं होतं. अन्न आतड्यात उतरलं की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि 'पुरे' असा निरोप मेंदूकडे जातो. इस्ट्राडायॉल असताना हा निरोप ठणठणीत ऐकू येतो, नसताना कुजबुजीसारखा. भूक लवकर लागते असं नाही, पोट भरल्याचं उशिरा कळतं. म्हणून वाटी सतत भरलेली ठेवायची पद्धत नसबंदीनंतर सर्वांत आधी नडते.

भूक की खर्च, याचं नेमकं उत्तर २०११ साली उंदरांवरच्या कामातून मिळालं. इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राहक (पेशीवरची इस्ट्रोजेन ओळखणारी जागा) मेंदूतल्या भूक आवरणाऱ्या पीओएमसी चेतापेशींतून काढला तर माद्या जास्त खाऊ लागल्या. हायपोथॅलॅमसच्या (मेंदूतला भूक सांभाळणारा भाग) दुसऱ्या एका केंद्रातून काढला तर खाणं तेवढंच राहिलं, पण खर्च घटला आणि पोटातली चरबी वाढली. म्हणजे दोन कामं, दोन खाती. बीजांडकोश काढले की दोन्ही खात्यांची रसद एकदम तुटते.

वजनकाटा | ११:४०

आकडे माझ्याकडून.

नुसतं पडून राहिल्यावरची दिवसाची गरज (किलोकॅलरीत) = ७० × (वजन किलोमध्ये)^०.७५. साध्या कॅल्क्युलेटरवर: वजनाचा घन करा, वर्गमूळ घ्या, पुन्हा वर्गमूळ घ्या, ७० ने गुणा. ४ किलोची मांजर: ४×४×४ = ६४, वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, गुणिले ७० म्हणजे १९८ किलोकॅलरी.

आता गुणक, म्हणजे दिवसाची एकूण गरज काढायला या आकड्याला कितीने गुणायचं. नसबंदी न झालेलं प्रौढ मांजर १.४, झालेलं १.२. कुत्र्यात १.८ आणि १.६. म्हणजे या मांजरीचे २७७ वरून २३८ झाले. ज्या कोरड्या खाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ३८० किलोकॅलरी आहेत त्याचे आधी ७३ ग्रॅम, आता ६३. फरक फक्त १० ग्रॅमचा, एका मुठीतही दिसणार नाही असा. पण हे १० ग्रॅम रोज जास्त गेले तर महिन्याला ११०० च्या वर किलोकॅलरी होतात, म्हणजे सव्वाशे ते दीडशे ग्रॅम चरबी. ४ किलोच्या जिवाला ती थोडी नाही.

१० किलोचं देशी कुत्रं: ७०९ वरून ६३०. फरक एका छोट्या पोळीचा.

शंकासुर | ११:४४

म्हणजे बायोलॉजीत पळून आलेल्यांना इथेही वर्गमूळ. वाचनखूण साठवली, उघडणार कधीच नाही.

ऐरोलीची_माऊ | दुपारी १२:३०

@वजनकाटा, गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष अपुरा वाटतो. १.४ वरून १.२ म्हणजे फक्त १४ टक्के कपात. घरात राहणाऱ्या नसबंदी झालेल्या मांजरींना वजन टिकवायला पूर्वीपेक्षा पाव ते तिसरा हिस्सा कमी लागतं, असं मोजमापांतून आलेलं आहे. फ्लॅटमधली मांजर झोपते किती हे बघा. तिच्यासाठी गुणक १.० धरला तर १९८ किलोकॅलरी, म्हणजे ५२ ग्रॅम. ७३ वरून ५२. हा फरक दिसतो.

वजनकाटा | १२:४१

त्या 'तिसऱ्या हिश्श्यात' एक गोम आहे, ताई. ते आकडे एकूण वजनाच्या हिशेबाने काढलेत. चरबी वाढलेल्या जनावरात प्रत्येक किलोमागचा खर्च आपोआप कमी दिसतो, कारण चरबी जाळते थोडं. बोक्यांवर पुढे झालेल्या कामात फक्त स्नायू-अवयवांच्या वजनामागे खर्च मोजला, तेव्हा फरक जवळजवळ उरला नाही. वाढलेलं वजन जास्त खाण्यातूनच आलेलं होतं.

ऐरोलीची_माऊ | १२:५५

मान्य. पण मालकाला त्याने काय फरक पडतो? वाटीत ७३ ग्रॅम टाकले तर मांजर फुगणार, कारण काहीही असो. शिवाय भाटींमध्ये काही आठवड्यांनी रात्रीची हालचालही बरीच मंदावते. आधी खाणं वाढतं, वजन वाढतं, मग फिरणं कमी होतं. लोक उलटं समजतात: 'ऑपरेशननंतर सुस्त झाली म्हणून जाड झाली.'

कोलशेतकर | दुपारी १:१०

हे कामाचं आहे. म्हणजे पानावर 'मापून द्या' आधी आणि 'खेळवा' नंतर. पण नर-मादी फरक करायचा का? बोक्याला कुठे इस्ट्रोजेन असतं?

दवाबिंदू | १:४८

असतं की. टेस्टोस्टेरॉनचं अरोमटेज नावाच्या विकराने इस्ट्राडायॉल होतं, मेंदूतही आणि चरबीतही. नसबंदी झालेल्या मांजरांना बाहेरून इस्ट्राडायॉल दिलं तेव्हा बोके आणि भाट्या, दोघांचंही खाणं घटलं. त्यामुळे मांजरात नर-मादी दोघांना एकच नियम लावा.

मात्र रॅटचे नियम मांजराला आणि मांजराचे बोकडाला लावू नका. नर रॅटचे वृषण काढले तर त्याचं खाणं आणि वाढ दोन्ही कमी होतात. थोडं टेस्टोस्टेरॉन दिलं की खाणं पूर्ववत होतं. खूप दिलं की पुन्हा घटतं, कारण जादा मालाचं इस्ट्राडायॉल होतं. आणि सीरियन हॅमस्टरची मादी बीजांडकोश काढल्यावर फारसं जास्त न खाताही चरबी साठवते. जात बदलली की खातेवही बदलते.

तबेलेवाला | दुपारी ३:१५

कुत्र्या-मांजरांच्या धाग्यात गुरं घुसवतो, चालवून घ्या. ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडे अजून दावणी आहेत.

गाय माजावर आली की खाणं-रवंथ घटतं हे जुन्या माणसांना पाठ असतं. आता गळ्यात पट्टे आलेत, ते रवंथ मिनिटांत मोजतात. निरोगी दुभती गाय दिवसाला साधारण ७-८ तास रवंथ करते. माजाच्या दिवशी त्यातला तासभर किंवा जास्तही जातो. दूधही उतरतं. पट्टा म्हणतो 'रवंथ कमी, हालचाल जास्त' आणि आपण रेतनाची वेळ धरतो. रवंथ कमी आणि हालचालही कमी असेल तर तो माज नाही, जनावर आजारी आहे. आधी ताप बघा. म्हशीचा मुका माज पकडायला मात्र एकट्या पट्ट्यावर विसंबून चालत नाही. सोट (माजाचा चिकट स्राव) बघावा लागतो, पहाटे आणि रात्री.

दुसरी जागा विण्याच्या आधीची. शेवटच्या तीन आठवड्यांत गायीचं कोरडं खाद्य साधारण ३० टक्क्यांनी घटतं. शेवटच्या दिवसांत वारेतून इस्ट्रोजेन प्रचंड वाढतं, तो एक हात. गर्भाने पोटात जागा घेतलेली असते, तो दुसरा. इथे लोक चूक करतात ती अशी की खात नाही म्हणून चारा तसाच ठेवतात आणि विल्यावर एकदम पेंड वाढवतात. तोवर ती अंगावरची चरबी जाळायला लागलेली असते. मग कीटोसिस (चरबी जळून रक्तात कीटोन वाढणं), यकृतात चरबी, वार अडकणं, एकामागून एक. उपाय म्हणजे आटवलेल्या काळात गाय जाड होऊ न देणं आणि शेवटचे तीन आठवडे थोड्या थोड्या खुराकाची सवय लावणं. विण्याच्या वेळी पाठीवर थर चढलेली गाय जास्त उपाशी राहते, हे उलटं वाटतं पण तसंच होतं.

खाडीपल्याड | ३:४०

+१. अवांतर: बोकडांचं? खच्ची केलेला लवकर भरतो म्हणतात.

तबेलेवाला | ४:०२

भरतो, पण कशाने ते बघा. न खच्ची केलेला नर वाढतो जास्त वेगाने आणि त्याच्या अंगावर चढतं ते मांस, कारण टेस्टोस्टेरॉन स्नायू बांधतं. खच्ची केलेल्याच्या अंगावर चरबी जास्त. दिसायला गोल, म्हणून 'भरला' म्हणतात. बैल आणि वळू शेजारी उभे केलेत तर मान-खांद्यावरच फरक कळतो.

मात्र माजलेला बोकड हंगामात खाणं सोडतो. शेळ्यांमागे फिरतो, वास मारतो, बरगड्या दिसू लागतात. म्हणून पैदाशीच्या बोकडाला हंगामाआधी महिनाभर खुराक वाढवून ठेवतात. हंगामात वाढवलात तर गव्हाणीत तसाच पडतो.

चिमट्याने खच्ची करताना दोन्ही नसा एकाच रेषेत दाबू नयेत. एकेक नस वेगळी, वरखाली सरकवून, मधली कातडी मोकळी ठेवून. नाहीतर खालचा रक्तपुरवठा बंद होऊन पिशवी सडते. आणि एक नस निसटली तर बोकड खच्ची झालाच नाही. वास येत राहिला, शेळ्यांवर चढत राहिला की ओळखायचं. हे काम डॉक्टरचं आहे. कळावं म्हणून लिहिलं, करावं म्हणून नाही.

शंकासुर | ४:१०

माजावर आला की जेवण सोडतो, खांदे पाडून फिरतो, अंगाला वास येतो. आमच्या कॉलेजच्या होस्टेलचं इतकं अचूक वर्णन प्रथमच वाचलं. (ह. घ्या.)

सीवूड्स_श्वान | संध्याकाळी ६:२५

कुत्र्यांकडे परत येऊया. दोन गोष्टी.

एक, लॅब्राडॉर. सगळं खापर नसबंदीवर फोडू नका. २०१६ मध्ये केंब्रिजच्या गटाने दाखवलं की बऱ्याच लॅब्राडॉरांत पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. ब्रिटनमधल्या लॅब्राडॉरांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात. वर दवाबिंदूंनी ज्या पीओएमसी पेशींचा उल्लेख केला त्याच साखळीतली ही कडी. अशा कुत्र्याला 'पुरे' ऐकू येत नाही ते जन्मापासूनच, त्यात नसबंदी झाली की दुहेरी बहिरेपणा. २५ किलोचा लॅब १.६ च्या गुणकाने १२५२ किलोकॅलरींवर बसतो, पण फ्लॅटमधला नसबंदी झालेला लॅब अनेकदा १.४ वरच, म्हणजे १०९६ च्या आसपास वजन टिकवतो. तक्त्यावर विसंबू नका, काट्यावर विसंबा.

दोन, प्रोजेस्टेरॉन. कुत्रीला गाभ राहो न राहो, माजानंतर साधारण दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं. ते भूक वाढवतं, आणि कुत्रीत त्याच्या प्रभावाने स्तनग्रंथीतून वाढीचं संप्रेरक सुटतं, जे इन्सुलिनला दाद देऊ देत नाही. वयस्कर, न कापलेल्या कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांत खूप तहान, खूप लघवी, खाऊनही वजन घटणं असं दिसलं तर साखर तपासा. अशा कुत्रीत नसबंदी हा मधुमेहाच्या उपचाराचाच भाग असतो.

पामबीच | ६:५०

याला जोडून: माज 'थांबवायचं' इंजेक्शन किंवा गोळी. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, मेजेस्ट्रॉल ही त्याच घराण्यातली. ऑपरेशन टाळायला लोक मांजरीला ती देतात. भूक वाढते (मेजेस्ट्रॉल माणसांत भूक वाढवण्यासाठीही वापरतात), वजन वाढतं, मांजरीत मधुमेह आणि स्तनांच्या गाठी होतात, गर्भाशयात पू होऊ शकतो. 'जाड होऊ नये म्हणून ऑपरेशन नको, इंजेक्शन द्या' हा उफराटा कारभार आहे. पानावर एक ओळ याला द्याच.

खाडीपल्याड | ७:०५

भाबडा प्रश्न. इस्ट्रोजेन गेल्यानेच सगळं होतंय तर थोडं इस्ट्रोजेन परत का देत नाहीत? किंवा सोयाबीन?

दवाबिंदू | ७:३३

कुत्र्याची अस्थिमज्जा इस्ट्रोजेनच्या बाबतीत फार हळवी असते. जास्त झालं की रक्तपेशी तयार होणं बंद पडतं आणि ते जीवघेणं ठरू शकतं. खाणं १५ ग्रॅमने कमी करण्याऐवजी एवढी जोखीम कोण घेणार? सोयाबीनमधली वनस्पतिजन्य द्रव्यं फार दुबळी, त्यातून लगाम परत येत नाही. मांजर तर पक्कं मांसाहारी आहे, त्याला सोयाबीन वड्या हा उपाय नव्हेच.

आणि हो, घरात कुणी हातावर इस्ट्रोजेनचं जेल किंवा मलम लावत असेल तर ती जागा कुत्र्या-मांजराला चाटू देऊ नका. नसबंदी झालेली कुत्री माजावर आल्यासारखी वागू लागली तर आधी हे विचारा, मग आत बीजांडकोशाचा तुकडा राहिलाय का ते बघा. राहिला असेल तर ठराविक अंतराने ती चिन्हं पुन्हा दिसतात.

नेरुळची_बाल्कनी | रात्री ८:१५

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं कुणी बोलत नाही. कानाला 'व्ही' खाच (नसबंदीची खूण) असलेली, सोसायटीच्या गेटवरची कुत्री बघा. बऱ्याच जणी पिंपासारख्या. लोक म्हणतात ऑपरेशनचा दोष. पण सकाळी एक जण, दुपारी वॉचमन, रात्री दोन घरं, आणि प्रत्येक जण पूर्ण जेवण घालतो.

वजनकाटा | ८:३१

हिशेब बघा. १५ किलोची, नसबंदी झालेली कुत्री: दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी. ५० ग्रॅमचा एक ग्लुकोज बिस्किटांचा पुडा साधारण २२५. तो 'जाता जाता' टाकलेला पुडा म्हणजे दिवसाच्या जेवणाचा चौथा हिस्सा, आणि त्यात प्रथिन नावाला. शिजवलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला १३०. पेडिग्री, मटणाची हाडं वगैरे वेगळीच. ऑपरेशन न झालेली कुत्री याच गेटवर पिल्लं पाजण्यात आणि पळण्यात हे सगळं जाळते. ऑपरेशन झालेली जाळत नाही.

नेरुळची_बाल्कनी | ८:४५

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीने खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवायची तरतूद आहेच. त्यालाच एक यादी जोडा: कुठल्या दिवशी कोण, किती. गेटवर लावा. भांडणंही कमी होतात, कुत्रीही आटोक्यात राहते.

खाडीपल्याड | ९:०२

रच्याकने, ठाणे खाडीतले रोहितसुद्धा संप्रेरकांमुळेच खाऊन खाऊन जाड होऊन उडतात का?

दवाबिंदू | ९:२०

स्थलांतर करणारे पक्षी उडण्याआधी चरबी साठवतात हे खरं. पण शरद ऋतूतल्या स्थलांतराआधी ही चरबी चढते तेव्हा बहुतेक पक्ष्यांच्या जननग्रंथी आक्रसून एवढ्याशा झालेल्या असतात. तिथे दिवसाची लांबी आणि इतर संप्रेरकं सूत्रं हलवतात. रोहितांचा वेगळा धागा काढा, मी येतो.

कोलशेतकर | रविवार, सकाळी ८:४०

रात्रीत धाग्याने बाळसं धरलं. मूळ प्रश्नातलं 'कधीपासून' आणि 'किती' अजून सुटलेलं नाही. १४ टक्के की ३०?

ऐरोलीची_माऊ | ९:१५

कधीपासून: लगेच. मांजरात खाणं वाढतं ते शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, महिन्यांनी नाही. भूल उतरल्यावर त्या रात्री पाव जेवण, कारण उलटी होते. दुसऱ्या दिवसापासून मापून. खरं नुकसान होतं ते टाके असतानाच्या दहा-बारा दिवसांत. गळ्यात कॉलर, फिरणं बंद, आणि घरचे दया येऊन दिवसातून पाचदा चिकन उकडतात. त्याच दिवसांत भुकेचा लगाम सुटलेला असतो.

किती: प्रौढ, घरातल्या मांजराला सुरुवातीला पाव हिस्सा कमी. ७३ ऐवजी ५५ ग्रॅम. मग दर दोन आठवड्यांनी वजन. घटलं तर ५ टक्के वाढवा, वाढलं तर ५ टक्के कमी करा. दोन-तीन फेऱ्यांत त्या मांजराचा आकडा सापडतो.

वजनकाटा | ९:२२

पाव हिस्सा सुरुवातीला, मग काटा सांगेल तसं. मला मंजूर. कुत्र्यांना २० टक्के म्हणा, बाकी तेच.

पण वजन कशावर करायचं ते लिहा! माणसांचा बाथरूमचा काटा १०० ग्रॅमच्या पायऱ्यांनी चालतो. ४ किलोच्या मांजराचा एक टक्का म्हणजे ४० ग्रॅम, तो त्यावर दिसतच नाही. सामान मोजायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, मांजर पिशवीत किंवा कॅरियरमध्ये ठेवून लटकवा, नंतर रिकामा कॅरियर मोजून वजा करा. वेळ तीच, जेवणाआधी. आणि खाणं कपाने नाही, किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये. कपाने मोजताना एकाच घरातल्या दोन माणसांच्या कपात सहज दहा ग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे सगळी कपात तिथेच उडाली.

पामबीच | ९:५०

पिल्लांचं वेगळं लिहा हो. ५-६ महिन्यांत नसबंदी झालेलं पिल्लू अजून वाढतंय. त्याला 'पाव कमी' लावून प्रौढांचं खाणं देऊ नका. वाढीचं खाणंच, पण मापून, वाटी उचलून. बोका लवकर कापला तर हाडांची टोकं उशिरा जुळतात, तो थोडा लांब-उंच होतो. ते जाडेपण नव्हे, घाबरू नये.

आणि पोटाखाली लोंबणारी कातडी म्हणजे चरबी नव्हे. मांजरांना ती असतेच. बरगड्या चाचपून बघा. मूठ वळून मागच्या हाडांवर बोट फिरवलं तसं लागलं तर मांजर बारीक. हात सरळ ठेवून तळव्याच्या मागच्या बाजूला लागतं तसं लागलं तर बरोबर. तळव्याच्या बाजूला लागतं तसं गुबगुबीत असेल तर जाड.

सीवूड्स_श्वान | १०:०५

आधीच जाड झालेल्यांसाठी इशारा: मांजराला उपाशी ठेवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर यकृतात चरबी साचून कावीळ होऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. मांजराचं वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का, कुत्र्याचं एक ते दोन टक्के, एवढ्याच वेगाने उतरवा. आणि नेहमीचं खाणं निम्म्यावर आणू नका, त्यात प्रथिनं, जीवनसत्त्वं, टॉरिन (मांजराला अन्नातून लागणारं आवश्यक द्रव्य) सगळंच निम्मं होतं. तेवढी कपात लागत असेल तर वजन कमी करायचं वेगळं खाणं डॉक्टरांना विचारून घ्या.

मोजून दिल्यावरही कुत्र्याचं वजन चढतंय, केस विरळ, थंडी सोसत नाही, दिवसभर लोळतंय, असं असेल तर थायरॉइड. मात्र रक्ततपासणीत नुसता टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) कमी आला म्हणून गोळी सुरू करू नका. दुसऱ्या कुठल्याही आजारातही तो खाली येतो. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) सोबत तपासावा लागतो.

कोलशेतकर | दुपारी १२:१०

मसुदा:

'नसबंदीनंतर पोट भरल्याचं उशिरा कळतं, म्हणून वाटी भरून ठेवू नका. दुसऱ्या दिवसापासून खाणं किचनच्या काट्यावर मोजा: प्रौढ मांजराला पाव हिस्सा कमी, कुत्र्याला पाचवा हिस्सा कमी. वर्षाच्या आतल्या पिल्लाला वाढीचं खाणं, पण मोजूनच. दर दोन आठवड्यांनी हुकाच्या काट्यावर वजन करा आणि त्याप्रमाणे ५ टक्के कमी-जास्त. जाड मांजराला उपाशी ठेवू नका. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. माज थांबवायची इंजेक्शनं देऊ नका, भूक आणि आजार दोन्ही वाढतात.'

सहा ओळींत बसतंय. काही चुकतंय?

दवाबिंदू | १२:३०

'कमी' कशाच्या तुलनेत ते लिहा. आधीपासून मोजत नसतील तर पाव हिस्सा कशाचा काढणार? ऑपरेशनच्या आधीचा आठवडा वाटीत टाकलेलं आणि उरलेलं, दोन्ही मोजून लिहून ठेवा, अशी ओळ वर घाला.

ऐरोलीची_माऊ | १२:३८

आणि दोन मांजरं असलेल्या घरांसाठी: वेगळ्या खोलीत, वीस मिनिटं, मग दोन्ही वाट्या उचला. नाहीतर एकीचे ५५ आणि दुसरीचे ५५ असं नसतं, एकीचे ९० असतात.

कोलशेतकर | १२:४५

सात ओळी झाल्या. अक्षर एक पॉइंटने लहान करतो.

शंकासुर | १२:५२

अक्षर नको, पानाचा समास कमी करा. पाव हिस्सा.